कोल्हापूरची ख्रिस्ती मंडळी : पाळक आणि पंतोजी

मराठी मुलुखांतील ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास आजवर बहुधा परदेशी मिशनऱ्यांच्या चरित्ररूपानें लिहिला गेला. याचें कारण उघड आहे. मिशनऱ्यांचीं पत्रें व वार्षिक वृत्तांत त्यांना पाठविणाऱ्या संस्थांच्या दप्तरीं जपून राहिले व वेळोवेळीं छापलेही गेले. परंतु खेड्यांतील पाळक व पंतोजी यांच्या हातचा कागद त्यांच्या घरींच राहिला आणि वाळवीच्या किंवा चुलीच्या स्वाधीन झाला. ज्याचा कागद शिल्लक राहतो त्याचाच इतिहास होतो, हा अनुभव संशोधकांस नवा नाहीं. कोल्हापूर संस्थानांत प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळी कशी उभी राहिली व तिच्या बळकटीस पाळक व शिक्षक कितपत कारण झाले, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विशेष हा कीं, मंडळीचा पाया पाळक कीं पंतोजी, हा प्रश्न कोल्हापुरासंबंधानें त्या काळींच उपस्थित झाला होता, आणि त्यापायीं तेथील मिशन एकदां मोडलेंही होतें.

१. मिशनची स्थापना

कोल्हापूर येथें मिशनचा आरंभ रॉयल गूल्ड वाइल्डर या अमेरिकन गृहस्थानें १८५२ सालच्या अखेरीस केला. त्याचा जन्म १८१६ सालीं व्हरमाँट प्रांतांत झाला. अँडोव्हर येथें धर्मशास्त्राचें अध्ययन पुरें करून तो १८४६ सालीं अमेरिकन बोर्डाच्या वतीनें अहमदनगरास आला आणि तेथें सहा वर्षें त्यानें मुख्यतः शाळांचें काम पाहिलें. नगर हें त्या काळीं मिशनच्या शाळांचें मोठें केंद्र होतें. मिस फॅरार हिची मुलींची शाळा तेथीलच. तेव्हां वाइल्डर कोल्हापुरास आला तो शाळा चालविण्याची संवय घेऊनच आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या वेळचें कोल्हापूर नुकतेंच एका प्रलयांतून बाहेर पडलें होतें. १८४४ सालीं सामानगड, पन्हाळा वगैरे किल्ल्यांवरील गडकऱ्यांनीं उठाव केला होता. तो मोडल्यावर राज्याचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखालीं गेला. मेजर ग्रॅहॅम यानें संस्थानची सविस्तर माहिती लिहून काढली, ती १८५४ सालीं छापून निघाली. अंबाबाईचें क्षेत्र व छत्रपतींची गादी अशा दुहेरी महत्त्वाच्या या शहरांत परधर्मी उपदेशकाचें स्वागत होण्याचा संभव थोडा होता. अशा स्थितींत प्रवेशाचा मार्ग एकच मोकळा होता, व तो म्हणजे शाळा. बाजारांतील उपदेश ऐकावयास मनुष्य क्षणभर उभा राहतो व निघून जातो. शाळेंत मूल रोज येतें, आणि मुलामागून केव्हांतरी बापही येतो.

२. अँडरसन व वाइल्डर यांचा वाद

कोल्हापूरचें काम जेमतेम रुळास लागतें न लागतें तोंच १८५४–५५ सालीं अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे आपले सहकारी थॉम्पसन यांसह हिंदुस्थानांतील मिशनें पाहण्यास आले. अँडरसन यांचें मत असें होतें कीं, मिशनऱ्याचें खरें काम शाळा चालविणें हें नसून देशी मंडळी स्थापणें हें आहे. ती मंडळी आपला कारभार आपण करणारी, आपला खर्च आपण भागविणारी व आपला प्रसार आपण करणारी असावी, व तिजवर तिच्याच देशाचा पाळक नेमावा. याच धोरणानुसार अहमदनगरास हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक या दोघांस १८५४ सालीं पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासांत ही गोष्ट फार मोठ्या महत्त्वाची आहे. परंतु त्याच धोरणाची दुसरी बाजू अशी होती कीं, इंग्रजी शाळा व ख्रिस्तीतर पंतोजी नेमून चालविलेल्या शाळा यांवरील खर्चास कात्री लागली.

वाइल्डर यास हें मान्य झालें नाहीं. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जेथें वाचणारा माणूस नाहीं तेथें पाळक कोणास शिकविणार व त्याच्यामागून दुसरा पाळक कोठून येणार? प्रकृति बिघडल्यामुळें तो १८५७ सालीं अमेरिकेस परत गेला. त्यानंतर बोर्डानें कोल्हापूरचें ठाणें बंद केलें. वाइल्डरनें आपली बाजू १८६१ सालीं हिंदुस्थानांतील मिशनशाळांविषयीं एक ग्रंथ छापून लोकांपुढें मांडली, आणि त्याच वर्षीं कोणत्याही संस्थेचा पाठिंबा नसतां तो सहकुटुंब कोल्हापुरास परतला. पुढील नऊ वर्षें त्यानें स्वतंत्रपणें काम चालविलें. १८६३ सालीं त्याचा पुत्र रॉबर्ट येथेंच जन्मला. तोच पुढें अमेरिकेंतील विद्यार्थी-स्वयंसेवक चळवळीचा प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आला. कन्या ग्रेस हिनें पुढें कोल्हापूर व इस्लामपूर या भागांत स्त्रियांमध्यें काम केलें. वाइल्डरच्या तीस वर्षांच्या सेवेंत ३,००० हून अधिक गांवीं उपदेश झाला व ३,३०० हून अधिक मुलें शाळांत आलीं, त्यांत मुली ३०० होत्या, असा हिशेब त्याचे चरित्रकार देतात.

या वादांत कोण बरोबर होता? दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धें अर्धें खरें होतें, असें पुढील इतिहासावरून दिसतें. मंडळी परक्याच्या पैशावर कायमची उभी राहूं शकत नाहीं, हें अँडरसन यांचें म्हणणें विसाव्या शतकांत अक्षरशः खरें ठरलें. परंतु त्या मंडळीचे पाळक, वडील व उपदेशक ज्या मुलांतून निघाले तीं शाळेच्या ओट्यावरच वाढलीं होतीं, हेंही तितकेंच खरें आहे.

३. मंडळीची घटना व तिचें दप्तर

१८७० सालीं कोल्हापूरचें मिशन अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलें. संशोधकाच्या दृष्टीनें हा फेरबदल केवळ नांवाचा नव्हे. अमेरिकन बोर्डाच्या मराठी मंडळ्या बहुतांशीं काँग्रिगेशनल पद्धतीच्या, म्हणजे प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र. प्रेस्बिटेरियन पद्धतींत मात्र पाळक व मंडळीनें निवडलेले वडील यांची एक पंचसभा असते. अनेक मंडळ्यांचे पाळक व वडील मिळून प्रेस्बिटेरी होते, आणि तिच्यावर सिनड. वडील हा पगारी नोकर नसतो. शेतकरी, शिक्षक, मिस्त्री, कारकून असा कोणीही गृहस्थ त्या पदावर निवडला जातो, व पंचसभेंत त्याचें मत पाळकाच्या मताइतकेंच चालतें. जेथें पिढ्यान्‌पिढ्या गांवच्या चावडीवर ज्यांस बसावयास जागा नव्हती अशा घरचा मनुष्य पंच म्हणून बसूं लागला, तेथें ही घटना केवळ धर्मापुरती राहिली नाहीं.

या पद्धतीचा दुसरा परिणाम म्हणजे कागद. पंचसभेनें आपल्या ठरावांची वही ठेवावी, बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांची नोंद करावी, सभासदांची यादी राखावी, आणि ठराववही तपासणीकरितां प्रेस्बिटेरीपुढें मांडावी, असा या पंथाचा नियम आहे. तपासनीस वही वाचून शेवटीं आपला शेरा व सही करतो. म्हणून अशी जुनी वही हातीं आल्यास प्रथम हे शेरे पाहावे. त्यांवरून वहीची सलगता व काळ ठरविण्यास चांगलें साधन मिळतें. नोंदींचें मोल केवळ धार्मिक नाहीं. बाप्तिस्म्याच्या नोंदींत जुनें व नवें नांव, आईबापांचें नांव व गांव हीं मिळूं शकतात. शिस्तीच्या ठरावांत लग्नाचीं भांडणें, दारू, देवकार्यांतील भाग अशा प्रकरणांचा निवाडा येतो. ज्या समाजाचा उल्लेख पेशवे दप्तरांत वेठ, बलुतें किंवा गुन्हा याखेरीज क्वचितच येतो, त्या समाजानें आपल्याविषयीं आपण लिहिलेला मजकूर येथें सांपडतो.

४. खेड्यांतील शिक्षक

मिशनचा पसारा पुढें वाढत गेला. रत्नागिरी, पन्हाळा, सांगली, मिरज, कोडोली, वेंगुर्ले, इस्लामपूर हीं ठाणीं झालीं. १८८९ सालीं डॉ. वॉनलेस आले व १८९४ सालीं मिरजेचें रुग्णालय उभें राहिलें. मात्र ठाण्यांत गोरा मिशनरी असे, खेड्यांत नसे. खेड्यांत असे तो शिक्षक.

कोल्हापूर प्रांतांतील ख्रिस्ती समाज मुख्यत्वें महार व मांग जातींतून झाला. त्यांच्या मुलांस गांवच्या शाळेंत बसूं देत नसत. दिलेंच तर बाहेर ओसरीवर. तेव्हां शाळा महारवाड्यांत किंवा मांगवाड्यांतच भरे. आठवड्याचे सहा दिवस तो मुलांस धुळाक्षरें, उजळणी व वाचन शिकवी. रात्रीं दिवा लावून मोठ्यांस शिकवी. रविवारीं तोच उपासना चालवी. पाळक एक व गांवें अनेक अशी स्थिति असल्यामुळें बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधि पाळक फेरीवर येई तेव्हांच होत. एरवीं मंडळी शिक्षकाच्या आधारावर टिकून राही. शिवाय वाड्यांतील अक्षरओळख असलेला माणूस तोच असल्यामुळें आलेलें पत्र वाचणें, सावकाराच्या खतांतील आंकडा समजावून देणें, मामलेदाराकडे अर्ज लिहिणें हीं कामें त्याच्याकडेच येत. खतावर आंगठा करणाऱ्यास खत वाचून दाखविणारा माणूस आपल्यांतलाच मिळाला, ही गोष्ट उपदेशाच्या शंभर व्याख्यानांइतकी परिणामकारक होती.

स्त्रीशिक्षिका व ज्यांस बायबलबाई म्हणत त्या स्त्रिया यांचें काम याहून कमी नव्हतें. पुरुष उपदेशकास ज्या माजघरांत प्रवेश नव्हता तेथें त्या वाचन व शिवण शिकवावयास जात. मंडळी एका पिढीनें मोडत नाहीं ती घरच्या प्रार्थनेमुळें. आणि ती प्रार्थना मुलांस बहुधा आईच शिकविते.

उपदेशाची रीतही देशी झाली. अहमदनगरकडे १८६० नंतरच्या दशकांत कृष्णराव रत्नाजी सांगळे प्रभृतींनीं ख्रिस्ती कीर्तन सुरू केलें. पुढें नारायण वामन टिळकांनीं, जे १८९५ सालीं ख्रिस्ती झाले व १९०४ सालीं दीक्षित पाळक झाले, ओवी व अभंग यांची भाषा मंडळीच्या उपासनेंत आणली. टाळ, वीणा व अभंगाची चाल यांमुळें खेड्यांतील निरक्षर सभासदासही उपासनेंत तोंड उघडण्यास जागा मिळाली.

५. या व्यवस्थेचें वैगुण्य

तथापि या व्यवस्थेची एकच बाजू सांगणें न्याय्य होणार नाहीं. शिक्षकास वेतन मिशनकडून मिळे. त्यामुळें त्याची निष्ठा मंडळीकडे कीं मिशनच्या बंगल्याकडे, असा पेंच राही. गांवच्या लोकांसही तो ‘साहेबाचा माणूस’ वाटे. मिशनच्या निधीस ओहोटी लागली कीं प्रथम खेड्यांतील शाळा बंद होत, आणि शाळेबरोबर उपासनाही थंडावे. पाळकाचा निर्वाह मंडळीनें करावा हें तत्त्व मान्य असलें तरी बलुत्यावर पोट भरणाऱ्या व नवा धर्म घेतल्यामुळें त्या बलुत्याविषयींच साशंक झालेल्या कुटुंबांनीं पाळकाचें वेतन कोठून द्यावें? दुष्काळांत, विशेषतः १८७६–७७ व १८९९–१९०० या सालांत, मिशननें अन्न व आसरा दिला; त्यावरून हे लोक पोटासाठीं ख्रिस्ती झाले, असा आक्षेप त्या काळीं झाला व आजही होतो. त्याचा निकाल दुष्काळाच्या सालांतील बाप्तिस्म्यांचे आंकडे मोजून लागावयाचा नाहीं. दुष्काळ सरल्यावर, अन्नछत्र उठल्यावर व शेजाऱ्यांनीं वाळीत टाकल्यावर किती घरें राहिलीं हें पाहिलें पाहिजे. आणि तें दाखविणारें साधन म्हणजे सभासदांच्या याद्या होत.

६. शाहू छत्रपतींचा काळ व नंतर

शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत (१८९४–१९२२) या चित्रांत मूलभूत बदल झाला. १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें. १९१७ सालीं संस्थानांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम सुटला. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्यांच्या मुलांस सर्वांबरोबर बसविण्याची आज्ञा झाली. मिशनच्या शिक्षकानें साठ वर्षें जें काम वाड्यांत केलें तें आतां राज्यानें आपल्या शिरावर घेतलें. मिशनशाळेची गरज अशा रीतीनें कमी होत गेली, तसतसा मंडळीचा भार पाळक व बिनपगारी वडील यांवर येऊं लागला. शहरांतील आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल व एस्तेर पॅटन हायस्कूल यांच्या नांवांत तेवढी जुन्या शिक्षणकार्याची खूण राहिली.

मंडळीची घटनाही स्वदेशी होत गेली. १९०४ सालीं हिंदुस्थानांतील प्रेस्बिटेरियन मंडळ्या एक झाल्या. १९२४ सालीं त्यांचा काँग्रिगेशनल मंडळ्यांशीं संयोग होऊन उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी बनली. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वांत येऊन कोल्हापूर हें तिच्या एका धर्मप्रांताचें ठाणें झालें. अँडरसन यांनीं सांगितलेली स्वतंत्र देशी मंडळी या रीतीनें शंभरांहून अधिक वर्षांनीं सिद्ध झाली, परंतु ती वाइल्डरच्या शाळांच्या वाटेनें.

७. उपसंहार

वरील विवेचनाचें तात्पर्य असें. कोल्हापूरच्या मंडळीस जन्म मिशनऱ्यानें दिला, आकार पाळकानें व पंचसभेनें दिला, पण वाढविलें पंतोजीनें. पाळकावांचून मंडळीस शिस्त आली नसती. पंतोजीवांचून ती शिस्त वाचावयास कोणी उरला नसता.

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस एक विनंति करून हा लेख पुरा करतों. आपण पोथ्या, सनदा, बखरी मिळविण्यास ज्या गांवीं जातां त्याच गांवीं वेशीबाहेरच्या वस्तींत एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या नातवाच्या घरीं शाळेचा हजेरीपट, पंचसभेची ठराववही किंवा कीर्तनाचें टिपण असणें शक्य आहे. त्यावर राजमुद्रा नसेल, भाषा ग्रांथिक नसेल, कागदही हलका असेल. तरी तो टाकाऊ समजूं नये. नक्कल करून घ्यावी, मूळ मालकाजवळच नीट बांधून ठेवण्यास सांगावें, आणि गांव, घराणें व वहीचा पहिला व शेवटचा दिनांक टिपून घ्यावा. एवढें झालें तरी या प्रांताच्या इतिहासाचें जें पान आजवर परक्यांच्या पत्रांतून वाचलें गेलें, तें येथल्या माणसाच्या अक्षरांत वाचावयास मिळेल.