चाळशी आणि स्वार

आपल्या भाषेने चष्म्याला 'चाळशी' असे नाव देऊन ठेवले आहे, त्यात मोठे शहाणपण आहे. वयाची चाळीस वर्षे उलटली की डोळ्यांतले नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते, हातातले पुस्तक लांब धरावे लागते आणि घरातली मंडळी एकमेकांकडे पाहून हसू लागतात. मीही चाळिशी ओलांडलेला, मॅट्रिकपुरते शिकलेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याची खोड असलेला. मात्र माझा चष्मा चाळिशीची वाट पाहत थांबला नाही. लांबचे दिसत नाही म्हणून तो सातवीतच नाकावर येऊन बसला. चकली-करंजीच्या ताटाशी या चष्म्याची कथा कशाला, असे वाचक म्हणतील. पण गेल्या पौषात एक प्रसंग असा घडला की ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

निघोजे हे आमचे इंद्रायणीकाठचे गाव. एके काळी येथून चाकणच्या बाजाराला कांद्याच्या गाड्या जात. 2010 च्या सुमारास महिंद्रांचा मोटारींचा कारखाना आमच्याच शिवारात सुरू झाला, आणि आता पहाटे पहिल्या पाळीला निघालेल्या मोटारसायकलींची रांग लागते. त्या सकाळी धुके दाट होते. हेल्मेट घालून मी शाळेकडे निघालो. तोंडच्या वाफेने चष्मा पार आंधळा झाला, तेव्हा मी तो काढून खिशात टाकला. मनाशी म्हटले, रोजचा रस्ता, डोळे मिटूनही जाईन! वळणावर कडेला काहीतरी करडे दिसले. पोते असावे असे वाटले. ते पोते नव्हते. राखी स्वेटर घातलेली माझ्याच शाळेतली तिसरीतली पोर होती. तिच्या आजीने दंडाला धरून तिला मागे ओढले म्हणून बरे.

"गुरुजी, दिसत न्हाई का तुम्हास्नी?" आजी म्हणाली.

मी काहीच बोललो नाही. खरे उत्तर 'नाही' असे होते.

त्या दिवसापासून एका प्रश्नाने माझी पाठ धरली. चष्मेवाल्या माणसाने वाहनावर बसावे तरी कसे? उत्तरासाठी मी मागे मागे जात थेट चष्म्याच्या जन्मापर्यंत पोहोचलो, आणि एक गोष्ट ध्यानात आली. चष्मा हा मुळी बसलेल्या माणसासाठी जन्माला आला.

इटलीत 1306 साली एका धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितले होते, की चष्मे घडविण्याची कला सापडून अद्याप वीस वर्षेही झालेली नाहीत. ते चष्मे उतारवयातल्या वाचकांचे. त्यांना कानावर अडकवायच्या काड्या नव्हत्या. नाकावर चिमटायचे, नाही तर हाताने धरायचे. आपल्याकडचा दाखलाही वाचकाचाच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी चष्म्याच्या भारतातील इतिहासावर चिकाटीने लिहिले. सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत ग्रंथाकडे त्यांनी लक्ष वेधले. विजयनगरच्या दरबारी ज्यांचा मोठा मान, ते व्यासराय स्वामी 1520 च्या सुमारास चष्मा लावून पोथी वाचीत, असा उल्लेख त्यात आहे. गोव्यात पोर्तुगीज येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती.

नेमक्या त्याच काळात, तिकडे रोममध्ये, दहावा लिओ हा पोप होता. त्याला लांबचे दिसत नसे. पण शिकारीची हौस दांडगी! शिकारीच्या वेळी तो खोलगट भिंगाचा आधार घेई असे लिहून ठेवलेले आहे, आणि राफाएलने काढलेल्या त्याच्या चित्रात भिंग हातात दिसते. एक हात भिंगाला गुंतलेला, मग लगाम कसा धरावा? कानांवरून जाणाऱ्या काड्यांचे चष्मे लंडनचा एडवर्ड स्कार्लेट विकू लागला ते 1730 च्या सुमारास. स्वाराचे दोन्ही हात मोकळे व्हायला चारशेहून अधिक वर्षे लागली.

तोवर मंद नजरेच्या माणसाचे काय होत असेल? 1660 साली शाइस्ताखानाने आमच्या शेजारच्या चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो जवळजवळ दोन महिने झुंजविला. त्या बुरुजावर पहाऱ्याला उभा राहणारा माणूस तीक्ष्ण नजरेचाच हवा. माझ्यासारख्याला कोणी तेथे उभे केले नसते. पोथीपाशी किंवा बैलांपाशी बसविले असते. आज मात्र ज्याला त्याला स्वार व्हावेच लागते. पाळी गाठायची तर गाडीला किक मारल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि हे घोडे तरी केवढे वेगवान! ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटर. वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी अर्ज करताना एक प्रश्न विचारतात : चांगल्या उजेडात 25 मीटरवरून मोटारीची नंबरपाटी ओळखता येते काय? चष्मा असेल तर तो लावून, अशी सवलत त्यात आहे. साठच्या वेगाने हे अंतर संपायला दीड सेकंद लागतो. चष्मा खिशात असेल तर त्या दीड सेकंदाचेही मातेरे होते.

या अडचणीचा खरा कस लागतो तो बर्फात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए नावाचा कारागीर होता. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा लहानगा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले. दवाखाना गाठता आला नाही आणि मूल गेले. बर्फावरून धावणारी गाडी करण्याचा ध्यास त्याने आधीच घेतला होता. त्या दुःखानंतर तो सोडला नाही. 1959 साली त्याच्या कारखान्यातून 'स्की-डू' ही स्कूटरसारखी बर्फगाडी बाहेर पडली. तिच्या चष्मेवाल्या स्वाराचे हाल विचारू नका. श्वासाची वाफ काचेवर नुसती धरत नाही, तिचा बर्फ होतो. म्हणून तेथे हेल्मेटची पुढची काच दुहेरी करतात. मधल्या हवेच्या थरामुळे आतली काच गार पडत नाही. विजेने उबदार ठेवलेल्या काचाही निघाल्या. कोणी चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल वापरतो, कोणी गॉगलच्या आतच नंबरची भिंगे बसवून घेतो.

चष्म्याला रजा द्यायची तर दोन वाटा आहेत, आणि दोन्ही वाटांवर गमतीदार माणसे भेटतात. पहिली वाट बुबुळावर बसणाऱ्या भिंगाची. 1888 साली आडोल्फ फिक या डॉक्टरने तसले काचेचे भिंग केले. ते फार वेळ सोसवत नसे. मऊ भिंग झाले ते 1961 च्या नाताळात. प्रागचा रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले याचे प्रयोग वरिष्ठांनी बंद पाडले होते. गड्याने घरीच मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातले भाग घेतले, त्यांना सायकलचा डायनॅमो लावला आणि त्या यंत्रावर भिंगे ओतली! परंतु आमच्या रस्त्यावर खडी-सिमेंटची धूळ उडते. कण भिंगाखाली गेला की डोळा चुरचुरतो, आणि मळक्या हातांनी किंवा नळाच्या पाण्याने भिंग हाताळले तर डोळ्याला मोठा रोग जडू शकतो. ज्याला स्वच्छतेची शिस्त पाळता येते त्याचीच ही वाट.

दुसरी वाट लेसरची. तिचा धागा मद्रासेत जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांच्या हाती लागला. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत ते काम करीत. 1981 च्या नोव्हेंबरात सणाच्या जेवणातले टर्की पक्ष्याचे उरलेले मांस त्यांनी प्रयोगशाळेत आणले आणि एक्सायमर लेसरचा झोत त्यावर सोडला. आसपास काही न करपता रेखीव छेद गेला. पुढे याच प्रकाशाने बुबुळाला आकार देऊन नंबर घालविता येऊ लागला. या शोधासाठी 2013 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. मात्र नंबर स्थिर झालेला हवा, बुबुळाची जाडी पुरेशी हवी, आणि ते डॉक्टरांनीच तपासून ठरवायचे. शिवाय लांबचा नंबर गेला तरी चाळिशी चुकत नाही. ती आपल्या वेळेला दारात हजर!

एवढे फिरून आल्यावर मी माझ्यापुरता साधा तोडगा काढला. बारीक, सरळ काड्यांचा हलका चष्मा घेतला. भिंगे न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटची. हेल्मेट विकत घेताना चष्मा बरोबर नेला. आधी हेल्मेट घालायचे, मग चष्मा आत सरकवायचा. कानशिलाला रुततो की काय ते दुकानातच पाहायचे. वाफ धरू लागली तर पुढची काच बोटभर उघडायची, आणि तरीही दिसेना तर गाडी कडेला घेऊन थांबायचे. हे शेवटचे कलम फुकटचे असून सर्वांत अवघड आहे.

नंतर एका रविवारी शाळेच्या मैदानात 25 मीटर मोजून चुन्याची रेघ ओढली. पलीकडे माझी मोटारसायकल उभी केली आणि कारखान्यांत कामाला असलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलाविले. बारा जण आले. तिघांना नंबर वाचता येईना. त्यांतल्या एकाचा चष्मा खिशातच होता.

"गुरुजी, हेल्मेटात टोचतो," तो म्हणाला.

"माझाही टोचत होता," मी म्हटले, आणि त्या सकाळची गोष्ट सर्वांसमोर सांगितली. सांगताना जीभ जड झाली. ज्याच्या अभ्यासावर आपण छडी उगारली त्याच्यापुढे स्वतःची चूक वाचून दाखविणे सोपे नसते.

ती तिसरीतली पोर आजीबरोबर कुंपणाशी उभी होती. कोणी विचारले नसताना तिने तेथूनच पाटीवरचा नंबर घडाघडा म्हणून टाकला. सगळे हसले. आजी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आता तुमी वाचा, गुरुजी."

मी रेघेवर जाऊन उभा राहिलो, चष्मा नीट बसविला आणि नंबर मोठ्याने वाचला.