शुभवर्तमान आणि जमाखर्च

धर्म कोणताही असो, त्याचा आकाशाशी जेवढा संबंध असतो तेवढाच पावतीपुस्तकाशीही असतो. पण इतिहास लिहिणारी मंडळी पावतीपुस्तकाकडे ढुंकून पाहत नाहीत. संतांनी काय सांगितलं हे ते लिहितात, ते छापायला खर्च किती आला हे कुणी लिहीत नाही. आम्ही पडलो बी. कॉम.! आम्हाला ग्रंथ दिसला की आधी त्याची बाइंडिंग दिसते आणि मग प्रश्न पडतो, याचं बिल कुणी भरलं?

आता हिंदुस्थानातल्या पहिल्या छापखान्याचंच बघा. 1556 साली तो जहाजानं निघाला होता अबिसिनियाला. वाटेत गोव्यात उतरला आणि तिथंच राहिला. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात ज्यांनी चपला झिजवल्या आहेत त्यांना यात नवल वाटायचं नाही. दुसऱ्याचं पार्सल आपल्याकडे राहून सबंध देशाचं भलं झालं, एवढंच काय ते नवल!

याच गोव्यात 1579 साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री आला. राज्य पोर्तुगीजांचं, माणूस इंग्रज आणि लिहिल्या त्यानं मराठी ओव्या. थोड्याथोडक्या नव्हेत, सुमारे 11,000! हे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं, पण रोमन अक्षरांत. कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. इंग्रजांची सव्वीस अक्षरं एका पेटीत मावतात. आपली गोष्ट तशी नाही. क आला की त्याच्यामागून का, कि, की, कु, कू असं सगळं वऱ्हाड येतं, आणि जोडाक्षरं म्हणजे वरपक्षाकडची माणसं, त्यांना वेगळी खोली लागते. एवढे साचे पाडायचे तर तिजोरी रिकामी व्हायची. तेव्हा आजची पोरं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी बडवतात म्हणून त्यांना कुणी रागावू नये. त्यांची परंपरा चारशे वर्षांची आहे.

या ग्रंथाच्या 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतली एकही छापील प्रत आज माहीत नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हातानं उतरवून ठेवला म्हणून. ही नोंद वाचकांनी पेन्सिलीनं टिक करून ठेवावी, पुढे टॅली करताना लागेल.

देवनागरी छपाईचा पुढचा मोठा खर्च झाला तो थेट बंगालात. विल्यम कॅरीनं 1805 साली मराठीचं व्याकरण श्रीरामपूरला छापलं. मग अमेरिकन मिशननं मुंबईत छापखाना घातला. तिथं लहानपणी कामाला लागलेला एक मुलगा, जावजी दादाजी, खिळ्यांची विद्या शिकला आणि 1869 मध्ये त्यानं 'निर्णयसागर' छापखाना काढला. पोथ्या, पुराणं, संस्कृत काव्यं यांची देखणी पुस्तकं घरोघर गेली. म्हणजे खर्च टाकला मिशनच्या खात्यात आणि व्याज जमा झालं आपल्या देवघरात. अशी उलटी नोंद आमच्या शाखेत झाली असती तर तीन मेमो आले असते!

1842 साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' निघाला. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याचा मराठी भाग सांभाळला. लहान मंडळींना आपला आवाज दूरवर न्यायचा तर नियतकालिक हाच त्या काळचा स्वस्त मार्ग.

पण स्वस्त म्हणजे काय, हे शिकायचं तर आमच्या वर्ध्यालाच यावं लागतं. (गोरसपाक हे दुसरं कारण.) इथं मगनवाडीत 1934 च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि त्याचा गाडा ओढला जे. सी. कुमारप्पांनी. माणूस तंजावरचा, ख्रिस्ती, लंडनला शिकलेला हिशेबतपासनीस. त्याच वर्षी जानेवारीत बिहारला भूकंप झाला होता, तेव्हा मदतनिधीचा हिशेब यांच्याकडे होता. स्वयंसेवकाच्या जेवणाला दिवसाला 3 आणे, असा नियम. गांधीजी आपल्या माणसांसह आले तेव्हा त्यांचा खर्च या निधीतून मिळणार नाही, असं यांनी बजावलं म्हणतात. गांधीजींना 'व्हाउचर कुठाय?' विचारणारा माणूस! बँकेत आम्ही लग्नाच्या हॉलमध्ये लावतात तसा त्यांचा फोटो लावायला हवा, हार घालून.

मगनवाडीत हातकागद तयार होई. कुमारप्पा पुढे जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. 1945 साली दोन्ही प्रसिद्ध झाली. एकाच कोठडीत, एकाच माणसानं, एका हातानं शुभवर्तमान आणि दुसऱ्या हातानं जमाखर्च! त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वस्तू आज किती पैशांत आली यापेक्षा ती किती काळ आणि कुणाच्या जिवावर टिकते ते बघा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या ओळखीतल्या एका लहानशा मंडळीनं वेबसाइट काढायचं ठरवलं. पंचकमिटीनं 5,000 रुपये मंजूर केले आणि खजिनदार मास्तर, निवृत्त शिक्षक, टोकन न घेताच थेट माझ्या काउंटरवर आले.

"भाऊ, पोट्टे म्हणून राहिले का वेबसाइट फुकटात होते. मग हे पाच हजार कायचे जी?"

"मास्तर, होते फुकटात. राहत नाही."

खरं म्हणजे पोरांचंही चूक नव्हतं. जाळं ज्यानं विणलं त्या टिम बर्नर्स-लींच्या सर्न संस्थेनं 30 एप्रिल 1993 रोजी ते सगळ्यांना मोकळं करून दिलं. वर्डप्रेस 2003 पासून फुकट मिळतं. युनिकोडमुळे देवनागरी आता कोणत्याही फोनवर उमटते आणि 'मुक्ता'सारखा देखणा फॉन्टही मोफत आहे. म्हणजे ज्या अक्षरांपायी स्टीफन्स अडला, ती आज पैसा न घेता हात जोडून उभी आहेत. उरलं काय? नाव आणि जागा. नावाचं दरवर्षी भाडं, जागेचं दरवर्षी भाडं. आमच्या भाषेत हा भांडवली खर्च नव्हे, महसुली खर्च. लग्न एकदाच लागतं, किराणा दर महिन्याला लागतो, तसंच हे.

"अन् नाव कोणाच्या नावानं घ्यायचं?" मास्तरांनी विचारलं.

हा खरा प्रश्न. पंचकमिटीतला हुशार मुलगा आपल्या ईमेलवर, आपल्या कार्डावर नाव घेतो. मग त्याला पुण्याला नोकरी लागते, नंबर बदलतो, भाडं थकतं आणि एका सकाळी त्या पत्त्यावर भलताच कुणी बूट विकत असतो. म्हणून नाव मंडळीच्या नावानं घ्यावं आणि पासवर्ड तिजोरीच्या दोन किल्ल्यांप्रमाणे दोघांकडे ठेवावा. पाळकसाहेब बदलून जातात, मंडळी राहते.

मग काय घालायचं यावर चर्चा झाली. एकाला फिरती चित्रं हवी होती, एकाला उघडल्याबरोबर वाजणारी घंटा. मास्तरांनी मात्र बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं काढली. काही पानांचा भुगा व्हायला आला होता. नागपूर-मुंबईला गेलेली माणसं कधीतरी आजीची नोंद शोधत येतात आणि पान उलटताना तुकडा हातात येतो.

"हे सगळं टाकून देऊ वेबसाइटवर," एक तरुण म्हणाला.

"जिवंत माणसाची जन्मतारीख अन् फोन नंबर चौकात लावतं का कोणी?" मास्तर म्हणाले. मला बँकेची आठवण झाली. पासबुक ज्याचं त्याला दाखवायचं, आणि खातं मात्र जपून ठेवायचं!

शेवटी चार पानं ठरली. उपासनेची वेळ, यायचा रस्ता, मंडळीची हकीकत आणि पाळकसाहेबांचा कार्यालयीन फोन. चित्रं लहान ठेवायची, कारण आर्वीकडच्या एखाद्या खेड्यात म्हातारीच्या नातवाच्या फोनवरही ती उघडली पाहिजेत. रजिस्टरांचे फोटो काढून दोन वेगळ्या घरांत दोन प्रती ठेवायच्या, वेबसाइटवर घालायच्या नाहीत. ख्रिस्तपुराणाची टिक आठवते ना? छापखाना गेला, प्रती गेल्या, आणि ज्यांनी उतरवून ठेवलं त्यांच्यामुळे ग्रंथ राहिला.

पहिल्या वर्षाचा खर्च वजा जाता उरलेले पैसे पुढच्या वर्षांच्या भाड्यासाठी वेगळे ठेवले आहेत. मास्तरांनी नूतनीकरणाची तारीख नाताळच्या खर्चाच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिली आहे. मेणबत्त्या दुसऱ्या ओळीत.