जॉनीची वही, वामनदादांचं नाव

१४ एप्रिलला जोडून शनिवार-रविवार आला की मी पुण्याहून गावी पळतो. रात्रीची ट्रॅव्हल्स, जालना, सिंदखेडराजा, आणि पहाटे मेहकरला उतरून पुढे मिळेल त्या वाहनाने गाव. यंदाही तसंच गेलो. संध्याकाळी मिरवणूक बघायला फाट्यावर उभा होतो तर डीजेच्या पुढे एक पोरगा घामाघूम होऊन नाचत होता. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर पांढरा गोल शिक्का, शिक्क्यात गरुड, गरुडाच्या एका पायात बेसबॉलची बॅट, आणि गोलाला धरून चार नावं. जॉनी, जोई, डी डी, टॉमी.

रामोन्स! आमच्या गावात! मला राहवेना. पोरगा पाणी प्यायला बाजूला आला तेव्हा विचारलं, "कोणाचा रे हा टी-शर्ट?"

"माहाच हाय ना दादा!" :-)

मेहकरच्या बाजारातून दीडशे रुपयांना घेतला होता म्हणे. म्हटलं बरं, आणि हे जे गाणं वाजतंय ते कोणी लिहिलंय? त्याने डीजेच्या गाडीकडे हात केला. "त्या डीजेवाल्याले माहीत असन."

गाणं वामनदादा कर्डकांचं होतं. पोराच्या छातीवर पहिलं नाव होतं ते जॉनी रामोनचं. वामनदादा गेले १५ मे २००४ ला नाशिकमध्ये, आणि जॉनी गेला बरोबर चार महिन्यांनी, १५ सप्टेंबर २००४ ला लॉस एंजेलिसमध्ये. एकाने दुसऱ्याचं नाव ऐकलं असण्याची सुतराम शक्यता नाही. पण त्या दिवसापासून दोघं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेत, आणि आज त्यांना खाली उतरवतोय.

आधी जॉनी, कारण त्याची माहिती व्यवस्थित लिहून ठेवलेली आहे. ती त्याने स्वतःच लिहून ठेवली.

खरं नाव जॉन कमिंग्ज, जन्म ८ ऑक्टोबर १९४८, वाढला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. बाप बांधकामावर पाइप बसवायचा, हाही काही काळ तेच काम करत होता. जानेवारी १९७४ मध्ये त्याने पन्नासेक डॉलरला मॉसराइट कंपनीची गिटार घेतली. भारी म्हणून नाही, दुकानात परवडणारी तीच होती म्हणून. ३० मार्च १९७४ ला पहिला कार्यक्रम. चौघांचं आडनाव 'रामोन', पण एकमेकांशी नातं काही नाही. फाटक्या जीन्स, चामडी जाकिटं, आणि दोन-अडीच मिनिटांची गाणी. त्या काळात रॉक म्हणजे वीस वीस मिनिटांचे गिटार-आलाप झाले होते. ह्यांनी आलापच काढून टाकला. फेब्रुवारी १९७६ मध्ये पहिला अल्बम झाला, खर्च सुमारे ६४०० डॉलर, १४ गाणी, सगळी मिळून २९ मिनिटं. ह्या प्रकाराला पुढे 'पंक' नाव पडलं.

लोक म्हणतात तीन कॉर्ड कोणीही वाजवेल. कॉलेजात आमच्या हॉस्टेलवर एकाकडे गिटार होती, तिच्यावर मी हा प्रयोग करून पाहिलाय. गिटारवर हात साधारणपणे खाली-वर, खाली-वर असा चालतो. जॉनी फक्त खाली मारायचा. प्रत्येक आघात वरून खाली, म्हणजे आवाज सगळीकडे सारखा, कुठे सैल नाही. मिनिटाला १८० ठोक्यांचं गाणं धरलं तर सेकंदाला सहा आघात, आणि सहाही खालच्या दिशेने. असं तासभर, मध्ये न थांबता. मी गाण्याच्या मध्यापर्यंतही पोचलो नाही, मनगट गेलं. (की-बोर्ड बडवून मनगट आधीच कामातून गेलेलं आहे ते वेगळं.) तेव्हा कळलं की सोपं असणं आणि हलकं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हे त्याने केलं किती वेळा? २२६३. हा रामोन्सच्या एकूण कार्यक्रमांचा आकडा, शेवटचा ६ ऑगस्ट १९९६ ला झाला. बावीस वर्षांच्या हिशोबाने साधारण साडेतीन दिवसांना एक. जॉनी नोंदवह्या ठेवायचा. कुठल्या गावी वाजवलं, किती लोक आले, किती पैसे मिळाले. बॅन्डमध्ये शिस्त त्याची, पैशाचा हिशोब त्याचा. बाकीच्यांना तो हुकूमशहा वाटायचा, आणि होताही. गायक जोईची मैत्रीण पुढे जॉनीची बायको झाली. त्यानंतर ही दोघं एकाच व्हॅनमधून वर्षानुवर्षं हिंडली, एका स्टेजवर उभी राहिली, पण बोलणं जवळजवळ बंद. १९८३ मध्ये रस्त्यावरच्या मारामारीत जॉनीची कवटी फुटली, मेंदूची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी नवा अल्बम आला.

एक गंमत. पंक म्हटलं की बंडखोरी, डावं राजकारण वगैरे आपण धरून चालतो. जॉनी पक्का रिपब्लिकन, रेगनचा भक्त. १९८५ मध्ये त्याच्याच बॅन्डने रेगनवर टीका करणारं गाणं केलं. त्याला शीर्षक आवडलं नाही, ते अमेरिकेतल्या अल्बमवर बदलायला लावलं, पण गिटार मात्र वाजवली. कामावर आलोय तर काम करायचं, हा त्याचा खाक्या. पाइप बसवणाऱ्या बापाचाच मुलगा.

पहिल्या अल्बमला अमेरिकेत 'गोल्ड' म्हणजे पाच लाखांचा शिक्का मिळाला तो २०१४ साली. अडतीस वर्षांनी. तोवर जोई, डी डी आणि जॉनी गेलेले होते, आणि त्याच वर्षी जुलैत टॉमीही गेला. रेकॉर्डपेक्षा टी-शर्टच जास्त खपले. तो शिक्का जगभर छापला गेला, आमच्या मेहकरच्या बाजारापर्यंत.

आता वामनदादा.

इथे मला एक कबुली द्यावी लागेल. आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, बौद्धवाडा खाली, मध्ये चार गल्ल्या. जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला कर्ण्यावरची गाणी आमच्या ओट्यावर स्पष्ट ऐकू यायची. चाली मला पाठ होत्या. शेवटच्या कडव्यात पुष्कळदा 'वामन' हा शब्द यायचा, तर मी लहानपणी समजायचो की हा विष्णूचा वामन अवतार! भीमाच्या गाण्यात विष्णूचा अवतार कशाला येईल, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलंही नाही. आमच्या घरात ते नाव कधी निघालंच नाही. ऐकू सगळ्यांना येत होतं. च्यायला, विशी ओलांडल्यावर पुण्यात एका रद्दीच्या दुकानात पुस्तक हाताला लागलं तेव्हा कळलं की वामन हा जिवंत माणूस आहे. म्हणजे होता, तोवर ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. वडील लवकर गेले. घरची माणसं पोटासाठी मुंबईला आली, आणि ह्या पोराने मिळेल ते काम केलं, कोळशाच्या वखारीत, फेरीवाला म्हणून, पुढे गिरणीत. राहायला शिवडीची बीडीडी चाळ. तिथे एकदा कोणीतरी एक पत्र वाचून दाखवायला त्यांच्या हातात दिलं आणि त्यांना ते वाचता येईना. लाज वाटली. मग समता सैनिक दलातल्या देहलवी मास्तरांकडून मुळाक्षरं शिकले आणि जोडाक्षरं पक्की केली दुकानांच्या पाट्या वाचून. रस्त्याने जाताना पाट्या वाचत जाणारा हा तरुण डोळ्यासमोर आणा. पहिलं गाणं ३ मे १९४३ चं, एका हिंदी सिनेगीताच्या चालीवरचं विडंबन. म्हणजे हातात गिटार आली आणि दोन महिन्यांत स्टेजवर उभा, तसलाच हा मामला. आधी गाणं, मग व्याकरण.

त्यांच्या आधी ही वाट पाडलेली होती. सत्यशोधक जलसे, मग तिसाच्या दशकात आंबेडकरी जलसे, त्यात भीमराव कर्डक हे मोठं नाव. (आडनाव एकच, गल्लत करू नका.) जलशात गण असायचा, बतावणी असायची, माणसं जास्त लागायची. गायन पार्टीचा संच सुटसुटीत झाला. पेटी, ढोलकी, टाळ, दोन-चार गळे. एका एसटीत मावणारा संच, म्हणून तो गावोगाव पोचला. चाली सिनेमाच्या, लोकगीतांच्या, कव्वालीच्या, ज्या लोकांना आधीच येतात त्या. नवी चाल शिकवत बसायला वेळ कुणाला होता? एका रात्रीत अख्ख्या वस्तीला गाणं पाठ व्हायला हवं, ही त्याची अट. तीन कॉर्डचं कारणही हेच ना!

१९५६ चं धर्मांतर, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा १९७८ पासूनचा लढा, १९९४ चा नामविस्तार, हे सगळं त्यांच्या कारकिर्दीच्या पोटात घडलं. एकसष्ट वर्षांची कारकीर्द. नाशिक, मुंबई, मराठवाडा, विदर्भ. बोलावणं आलं की निघायचं, गाडीभाडं आणि बिदागी मिळेल ती, मुक्काम कार्यकर्त्याच्या घरी. गाणी हजारोंच्या घरात. पण पहिला संग्रह 'वाटचाल' निघाला १९७३ मध्ये, पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. तोवर गाणी तोंडातून तोंडात, वहीतून वहीत. कोणीही उतरवून घ्यायचं, कोणीही गायचं. पुढे कॅसेटी आल्या. आमच्या भागात ज्या मी पाहिल्यात त्यांवर गायकाचा फोटो हा एवढा, आणि कवीचं नाव असलंच तर भिंग घेऊन शोधावं लागायचं.

म्हणून ते शेवटच्या कडव्यातलं 'वामन'. 'तुका म्हणे' सारखी नाममुद्रा, परंपरेतलीच. पण इथे तिचं काम निराळं होतं असं मला वाटतं. आम्ही प्रोग्रामर लोक फाइलच्या डोक्यावर लेखकाचं नाव टाकतो, आणि ते पुसायला एक सेकंद पुरतो. वामनदादांनी नाव यमकात गुंफलं. पुसायला गेलात तर कडवं मोडतं. कॅसेट कंपनीने नाव छापो न छापो, गायकाला ते तोंडाने म्हणावंच लागतं.

तुलना कुठे मोडते तेही सांगतो, नाहीतर म्हणाल ह्याला सगळीकडे रॉकच दिसतं. रामोन्सची चीड ही कंटाळ्यातून आलेली. क्वीन्समध्ये करायला काही नाही, म्हणून आवाज. गावच्या विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्या समाजात उभं राहून गाणं वेगळंच. जॉनीला गाणं आणि राजकारण वेगळं ठेवता आलं, ती चैन वामनदादांना नव्हती, त्यांना ती हवीही नव्हती. मला दोघं सारखे वाटतात ते बंडखोरीमुळे नाहीच. रोज नव्या गावी जाऊन, रोज तेच, तितक्याच जोराने करणं, आणि ते दशकानुदशकं करणं, ह्यामुळे वाटतात. फरक हा, की एकाचा प्रत्येक कार्यक्रम तारखेसह, गल्ल्यासह लिहिलेला आहे. दुसऱ्याचे किती झाले, कुठे झाले, ह्याची अशी वही नाही.

असो. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी वर्गमित्राच्या घरी गेलो. त्याचे वडील गायन पार्टीत ढोलकीवर होते, आता पंच्याहत्तरीत आहेत. शाळेत असताना त्यांच्या घरी मी चहा प्यायलोय, पण गाण्याबद्दल कधी बोललो नव्हतो. काकांनी पेटीतून एक वही काढली. लांबट, हिशोबाची, पहिल्या पानावर कापसाच्या पट्टीचा हिशोब, आणि मग गाणी. हाताने उतरवलेली, निळ्या शाईत, पाण्याने कुठे कुठे पसरलेली. बहुतेकांच्या शेवटी तो शब्द, आणि काकांनी त्याच्याखाली प्रत्येक वेळी रेघ मारलेली.

मी त्यांना जॉनीचं सांगितलं. २२६३ ऐकून ते हसले. "त्याईनं मोजले, बरं केलं. आमी कायले मोजतो बाप्पा? रातभर वाजवा, सकायी वावरात जा."

"तरी काका, अंदाजे?"

"आता कसं सांगू तुले..."

मी लॅपटॉप उघडला. म्हटलं गावांची नावं सांगा, आठवतील तशी, वर्ष नसलं तरी चालेल. डोणगाव, जानेफळ, लोणार, सुलतानपूर, बीबी. एकेका गावाला दहा मिनिटं लागत होती, कारण गावाबरोबर पाऊस, भांडणं, कोणाच्या घरचं जेवण, कुठे ढोलकीचं पान फाटलं, हे सगळं येत होतं. तेही टिपत गेलो. लोणारला तीनदा की चारदा ह्यावरून काकांचं आणि काकूंचं वाजलं. काकूंचं म्हणणं चारदा, कारण चौथ्या वेळी मित्राचा जन्म झाला होता आणि काका घरी नव्हते. चार लिहिलं.

संध्याकाळी लाइट गेली तेव्हा एकसष्टाव्या ओळीवर होतो. बॅटरी अकरा टक्के. उरलेलं दिवाळीत.