कुलपातला बर्फ

श्रोतेहो, पावसाळ्याचे चार महिने बंद राहिलेल्या खोलीचे कुलूप दिवाळीच्या सुमारास उघडायला गेले म्हणजे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. किल्ली आत जाते, पण फिरत नाही. मग कोणी रॉकेल आणतो, कोणी खोबरेल सोडतो, कोणी दगडाने दोन ठोके देतो, आणि कुरकुरत का होईना, कुलूप उघडते. आपल्याकडे कुलपाचा वैरी म्हणजे गंज. थंड मुलखात त्याला आणखी एक वैरी आहे, तो म्हणजे बर्फ. दोघांचे मूळ मात्र एकच, पाणी.

तुम्ही म्हणाल, गोठलेल्या कुलपात इतिहास तो कसला? आहे, आणि मोठा मजेदार आहे. माणसाने कुलूप जसजसे शहाणे केले, तसतसे ते थंडीपुढे नाजूक होत गेले.

फार प्राचीन काळी इजिप्तमध्ये आणि पश्चिम आशियात लाकडी कुलपे होती. दाराला आडवा अडसर असे. त्या अडसराला भोके पाडलेली असत, आणि वरच्या ठोकळ्यातल्या लाकडी खुंट्या आपल्याच वजनाने त्या भोकांत पडत. झाले दार बंद! किल्ली म्हणजे एक लांब लाकडी पट्टी. तिच्या टोकाला तितकेच दात. ती आत घालून वर उचलली की खुंट्या वर सरकत आणि अडसर मोकळा होई. ही किल्ली चांगली हातभर असे. बायबलात यशयाच्या ग्रंथात खांद्यावर ठेवलेल्या किल्लीचा उल्लेख येतो, तो काही उगीच नव्हे.

आता नवल बघा. इजिप्तहून हजारो मैल दूर, स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रात फेरो नावाची बेटे आहेत. सदा वारा, पाऊस, गारठा. तिथेही याच धर्तीची लाकडी कुलपे वापरीत. असे कुलूप ढोबळ असते, त्याच्या भागांत भरपूर जागा असते. चार थेंब पाणी शिरून गोठले तरी एक हिसडा दिला की काम भागते. शिवाय लाकूड लोखंडासारखे झटकन गार पडत नाही.

पुढे शहरे वाढली, पेढ्या वाढल्या, तसे चोरही हुशार झाले. मग कारागिरांची चढाओढ लागली. लंडनच्या जोसेफ ब्रामाने 1784 साली एका नव्या कुलपाचे पेटंट घेतले. ते उघडून दाखवील त्याला दोनशे गिनी बक्षीस, अशी पाटी त्याच्या दुकानात कित्येक वर्षे लटकत होती. अखेर 1851 साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले. पण त्यासाठी त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपावे लागले!

त्यानंतर आला लायनस येल. हा अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या शेलबर्न फॉल्स या गावी काम करी. 1861 आणि 1865 साली त्याने पेटंट घेतलेले कुलूप आज जगभर घरोघर दिसते. त्यातली युक्ती कोणती म्हणाल, तर तीच जुनी, इजिप्तची! फक्त लाकडी खुंट्यांच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढ्या पितळी खुंट्या आल्या, त्यांच्या डोक्यावर बारीक स्प्रिंगा बसल्या, आणि हातभर किल्ली खिशात मावू लागली. कुलूप चोराला दाद देईना. पण आतली जागा आता केसाएवढी उरली, आणि तिथे पाण्याचा एक थेंब गोठला तरी पुरे.

हा थेंब येतो कुठून? गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसेच हे आहे. थंड मुलखात घर आतून तापवलेले असते. स्वयंपाकाची वाफ, माणसांचे श्वास यांनी हवा दमट होते. ती फटीतून कुलपाच्या गार धातूपाशी जाते आणि तिथे दव जमते. रात्री पारा शून्याखाली गेला की त्याचा बर्फ होतो. लडाखात हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. तिथे पहाऱ्यावर असलेल्या आपल्या गावच्या जवानांना विचारा, ते सांगतील गारठलेले लोखंड म्हणजे काय ते.

अशा वेळी माणूस घाईने दोन चुका करतो. एक, कुलपात तोंडाने फुंकर घालतो. श्वासातली वाफ आत जाऊन गोठते, आणि ओठ धातूला चिकटले तर कातडी सोलून निघते. दुसरी, उकळते पाणी ओततो. दार उघडते खरे, पण उरलेले पाणी रात्री पुन्हा गोठते. शहाणा माणूस धातूची किल्ली काडीवर जरा तापवून हळूच आत घालतो, किंवा थोडे स्पिरिट सोडतो. स्पिरिट त्या थंडीत गोठत नाही आणि बर्फ विरघळवते. जोर मात्र करायचा नाही, नाहीतर किल्ली मोडून आतच राहते. आणि थंडीपूर्वीच कोरड्या कुलपात ग्राफाइटची पूड घालून ठेवावी. गुरुजी, मुलांना जरूर सांगा, ही पूड म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतलेच काळे द्रव्य!

ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. हाडे गोठवणाऱ्या रात्री आपल्याच दारात अडकलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ असते. म्हणूनच सैबेरियाच्या अरण्यात शिकाऱ्यांच्या झोपड्यांना कुलूप न लावण्याचा रिवाज पडला. आत सुकी लाकडे, काड्याची पेटी, मीठ ठेवून जायचे. वाट चुकलेला कोणीही यावा आणि जगावा. कॅनडात चर्चिल नावाचे गाव आहे. तिथे पांढरी अस्वले रस्त्यावर येतात, म्हणून पळणाऱ्याला आसरा मिळावा यासाठी लोक दारे उघडी ठेवतात. आपल्याकडे शनिशिंगणापूरची कुलूप न लावण्याची प्रथा प्रसिद्ध आहे; ती श्रद्धेतून आली, ही निसर्गाच्या धाकातून.

चोराला बाहेर ठेवायला माणसाने हजारो वर्षे बुद्धी खर्चली. पण जिथे थंडी चोराहून क्रूर आहे, तिथल्या लोकांनी ओळखले की दार बंद कसे करावे याइतकेच ते वेळेला उघडेल कसे, हेही पाहावे लागते. तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या कुलपात तेलाचे दोन थेंब सोडायला विसरू नका, म्हणजे झाले!