बीआर-१७४ वरची साखळी

ब्राझीलच्या सहलीची एक्सेल शीट करत होतो. मनाऊसहून भाड्याची गाडी, बीआर-१७४ ने ॲमेझॉनच्या जंगलातून बोआ व्हिस्ता, साधारण साडेसातशे किलोमीटर, तीन दिवस. दुसऱ्या दिवशीच घोडं अडलं. वाटेतले सव्वाशे किलोमीटर वाइमिरी-आत्रोआरी आदिवासींच्या राखीव प्रदेशातून जातात आणि तिथे संध्याकाळी सहा ते सकाळी सहा रस्त्याला साखळी लावायची पद्धत होती. मी रकान्यात ‘अडथळा’ लिहून मोकळा झालो. मग कारण शोधायला बसलो.

लष्करी राजवटीने हा रस्ता काढायला १९६८ च्या सुमारास घेतला, १९७७ मध्ये तो खुला झाला. विरोध करणाऱ्यांवर सैन्य घातलं, शिवाय गोवराची साथ. एका अंदाजानुसार १९७४ मध्ये हे लोक दीड हजार होते. १९८७ मध्ये उरले ३७४. आता ते दोन हजारांच्या पुढे गेलेत.

रात्री रस्ता ओलांडणारी जनावरं गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून त्यांनी साखळी चालू ठेवली. प्रवासी बस, रुग्णवाहिकांना मुभा होतीच. तरी २०२० मध्ये रोराइमाच्या एका आमदाराने ती तोडली.

शीट बदलली आहे. साखळी असो वा नसो, तिथून दिवसाउजेडीच जायचं. एक मुक्काम वाढला, बजेटही.