नामदेवांची पदे : दोन मांडण्या, दोन स्मृती

चंदिगडलगतच्या खरडपासून घुमानपर्यंत पंजाबातील गुरुद्वारांत नामदेवांचे पद गायिले जाते ते ठरलेल्या पाठाने. वारकरी कीर्तनात याच संतकवीचा अभंग निरूपणाच्या ओघात येतो. हा भेद केवळ भाषेचा वा पंथाचा नसून मांडणीचाही आहे.

गुरू अर्जन यांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे १८ रागांत विभागलेली आहेत. प्रत्येक रागात आधी गुरूंची वाणी, मग भगतांची. त्यातही सामान्यतः कबीर, नामदेव, रविदास असा क्रम. पदाअखेरीस कडव्यांचे व पदांचे अंक येतात. एखादे पद गळले वा घुसले, तर बेरीजच चुगली करते. सरमिसळ यादीतले शब्दही आठवताना वर्गावर्गाने गटांत येतात, हे बाउसफील्ड यांनी १९५३ मध्ये शब्दयादींवरील प्रयोगांतून दाखवले. येथे राग हाच वर्ग, आणि तो गळ्यातही बसलेला.

मराठीत असा हिशेब नव्हता. कीर्तनकारांची बाडे म्हणजे प्रयोगापुरती टिपणे. (मराठी कानाला ‘खरड’ हे गावाचे नावही कच्च्या लेखनाचीच आठवण देते.) तेथे पद ओळखायचे ते ‘नामा म्हणे’ या मुद्रेवरून, आणि मुद्रा कोणालाही लावता येते. विष्णुदास नामा आदी उत्तरकालीन कवींच्या रचना त्यामुळेच मिसळल्या, आणि छापील गाथा दोन हजारांहून अधिक अभंगांची झाली. ख्रिश्चन नोवेत्झके यांनी २००८ च्या ग्रंथात बाड आणि पोथी यांतील भेदाकडे लक्ष वेधले ते याच संदर्भात महत्त्वाचे ठरते.

यावरून पंजाबची पदे तेवढी अस्सल आणि गाथा भेसळीची, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. नामदेवांचा परंपरागत काळ १२७० ते १३५० असा आहे. अंकांनी राखले ते १६०४ चे रूप. त्यापूर्वीची अडीच शतके दोन्हीकडे प्रामुख्याने मौखिकच असावीत.

शिवाय रागक्रमाने काही विखुरलेही. सुलतान आणि मृत गाय यांची कथा भैरव रागात, तर देऊळ फिरल्याचा उल्लेख मलारातही. चरित्र शोधणाऱ्याला पाने उलटत राहावे लागते. गाथेत मात्र ‘तीर्थावळी’सारखे प्रकरण प्रवासाच्या ओघातच रचलेले आहे: एक तीर्थ आठवले की पुढचे आपोआप येते, आणि त्यासोबत ज्ञानदेवही.