चतुष्पादांचे परदेशगमन

प्रवासाला निघताना कुत्र्याचं करायचं काय, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा पडला तो धर्मराजाला. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, मागे उरलं ते एक कुत्रं. इंद्र रथ घेऊन न्यायला आला आणि म्हणाला, तू चल, कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिराने स्वर्गावर पाणी सोडण्याची तयारी दाखवली, पण कुत्र्याला सोडलं नाही. पुढे ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्मच निघाला आणि प्रकरण मिटलं. आपल्याआपल्या कुत्र्यांतून असं कोणी निघत नाही, म्हणून कागदपत्रं लागतात.

हे सगळं माझ्या मागे लागलं ते भाचीमुळे. तिला लंडनला नोकरी लागली आणि तिने जाहीर केलं की बंडूही येणार. बंडू म्हणजे कोथरूडला एका पानपट्टीखाली सापडलेला, वंशावळीचा कुठलाही पुरावा नसलेला अस्सल गावठी कुत्रा. ताईने कपाळाला हात लावला. "अगं, तिथे कुत्रे मिळत नाहीत का?" तर भाची माझ्याकडे वळली. "मामा, तुम्ही रोज इतिहास वाचता ना? मग हे नियम तुम्हीच वाचा."

मी वाचायला बसलो आणि सवयीप्रमाणे उलटा, मागे मागे गेलो.

पूर्वी हे सारं फार सोपं होतं. १५१४-१५ सालची गोष्ट. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक जिवंत गेंडा भेट दिला. आता गेंड्याचं घरी काय करणार? आपल्याकडे दिवाळीत आलेला सोनपापडीचा डबा जसा पुढच्या घरी रवाना होतो, तसा आल्बुकर्कने तो गोव्याहून थेट लिस्बनला राजे मान्युएल यांच्याकडे पाठवून दिला. सुमारे चार महिने तो गेंडा आफ्रिकेला वळसा घालत जहाजावर उभा होता. ना दाखला, ना लस, सोबतीला एक राखणदार. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. जर्मन चित्रकार ड्यूररने तर तो न बघताच, कोणाच्या तरी रेखाटनावरून आणि वर्णनावरून, त्याचं चित्र काढलं. पाठीवर एक जास्तीचं शिंग दिलं आणि पुढे अडीचशे वर्षं युरोप त्यालाच गेंडा समजत राहिला.

राजानेही डबा पुढे ढकलला. गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा घालून गेंडा रोमला, पोपकडे निघाला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं हो. पण याचे पाय साखळीने डेकला जखडले होते. मखमलीचा पट्टा सुचला, साखळी सोडणं कोणाला सुचलं नाही.

हे वाचल्यावर मला आजच्या पिंजऱ्याच्या नियमाबद्दल आदर वाटू लागला. विमानाने जाणाऱ्या जनावराला पिंजऱ्यात ताठ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, अंग पसरून झोपता आलं पाहिजे. आपल्या रेल्वेचं त्या मानाने रोखठोक असतं. पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. (कूपे फक्त माणसांसाठी घ्यायची माझी अजून ऐपत झालेली नाही.)

खरा घोळ आहे तो इंग्रजांचा. १८९७ साली त्यांनी बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर निर्बंध घातले. देशातल्या कुत्र्यांच्या तोंडाला मुसक्या बांधल्या, आणि १९०२ पर्यंत बेटावरून रेबीज हद्दपार केला. मग आलं महायुद्ध. खंदकांमध्ये सैनिकांना कुत्र्यांचा लळा लागला. ज्याने चार वर्षं चिखलात सोबत केली, त्याला फ्रान्समध्ये टाकून कसं यायचं? कोणीतरी आपलं कुत्रं लपवून घरी आणलं. त्या माणसात आणि युधिष्ठिरात मला फारसा फरक दिसत नाही. पण १९१८ मध्ये रेबीज इंग्लंडात परतला, आणि पुन्हा निपटायला १९२२ उजाडलं.

नियम होता तो सहा महिने सक्तीच्या वनवासाचा. कुत्रं लाटसाहेबाचं असो की खलाशाचं, बंदरावरून थेट कोठडीत. १९६८ साली एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांनी यावर तोड काढली. कुत्र्यांना जमिनीवर पाय ठेवायला बंदी आहे ना? मग त्यांच्यासाठी थेम्स नदीत एक आलिशान नौकाच भाड्याने घेतली. एवढ्या भाड्यात आमच्या सोसायटीचं रंगकाम दहादा झालं असतं.

आणि गंमत बघा, १९६९ साली कँबर्ली गावात जर्मनीहून आलेला एक कुत्रा पुरते सहा महिने भोगून सुटला, आणि सुटल्यावर थोड्याच दिवसांत पिसाळला. तुरुंगवासाने रोग बरा होत नाही, फक्त वाट बघता येते, हे तिथे कळलं. लस आणि रक्ताची तपासणी यांवर भरवसा ठेवायला मात्र त्यांना २००० साल लागलं, तेही निवडक देशांपुरतं. भारतातून जाणाऱ्या कुत्र्याचा वनवास सुटला तो २०१२ मध्ये.

ताईला हे सगळं थोतांड वाटत होतं. "एका कुत्र्यापायी एवढं?" मी तिला आमच्या जुन्या वाड्याची आठवण करून दिली. मागच्या खोलीतल्या मुलाला कुत्रं चावलं होतं. घरच्यांनी जखमेत मिरची भरली आणि देवाचा अंगारा लावला. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची म्हणून ते पोर दवाखान्याच्या नावानेच पळायचं. दीड महिन्याने पाण्याचा पेला पुढे केला की ते किंचाळायला लागलं. ताईला सगळं आठवत होतं. ती गप्प झाली आणि उठून बंडूच्या लसीचं कार्ड देवघराच्या फळीवर ठेवून आली. जगात रेबीजने मरणाऱ्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा आपल्या देशातला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इंग्रज बंडूकडे संशयाने बघतात, त्यात बंडूचा अपमान काही नाही.

मग तयारी सुरू झाली. आधी मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप, तिचा पंधरा आकडी नंबर. चिप आधी, लस नंतर. उलट केलंत तर लस जमेस धरत नाहीत. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढायचं. ते रक्त युरोपातल्या प्रयोगशाळेत गेलं. म्हणजे आमच्या घराण्यातलं पहिलं युरोपगमन बंडूच्या रक्ताचं. रक्त काढल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. भाचीने नोकरीची तारीख पुढे ढकलून घेतली. साहेबाला कारण काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

ते तीन महिने पिंजऱ्यात गेले. म्हणजे पिंजरा दिवाणखान्यात, त्यात भाचीची जुनी ओढणी, आणि दार सताड उघडं. पहिला आठवडाभर बंडू त्याच्याकडे बघून गुरगुरायचा. मग जेवण आत मिळू लागलं. महिन्याभरात दुपारची झोपही आत. ताई म्हणाली, "प्रवासात झोपेची गोळी द्या म्हणजे झालं." डॉक्टरांनी साफ नकार दिला. गुंगीत कुत्र्याला तोल सांभाळता येत नाही, श्वास मंदावतो, आणि वर सामानाच्या कप्प्यात बघायला कोण आहे?

शेवटची राहिली जंताची गोळी. ती पोहोचण्याच्या आधी चोवीस तासांपेक्षा कमी नाही आणि एकशेवीस तासांपेक्षा जास्त नाही अशा वेळात, डॉक्टरांच्याच हातून, आणि कागदावर वेळ घालून. ताईने पेढ्यात गोळी लपवून आणली होती. बंडूने पेढा खाल्ला आणि गोळी स्वच्छ करून डॉक्टरांच्या बुटावर ठेवली. डॉक्टरांनी जबडा उघडला, दुसरी गोळी थेट घशात टाकली, मान वर धरली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं, अकरा वाजून वीस मिनिटं. बंडू ताईच्या पिशवीत दुसरा पेढा शोधत होता.